ट्रोपींचा खटला आणि माणूसपणाचे प्रमाणपत्र

पहाटे डॉक्टरांना बोलावणे येते. इंग्लंडमधल्या एका साध्या घरात पाळण्यात नुकतेच जन्मलेले बाळ मरून पडलेले आहे. घरमालक तरुण पत्रकार आहे. तो न रडता, काहीही न लपवता सांगतो की हे माझे मूल आहे, मीच त्याला विषाचे इंजेक्शन देऊन मारले, तुम्ही मृत्यूचा दाखला लिहा आणि पोलिसांना कळवा. डॉक्टर बाळाकडे नीट बघतात आणि थबकतात. हे मूल की माकडाचे पिल्लू? पत्रकार कागद पुढे करतो. बाळाचा बाप्तिस्मा झाला आहे, जन्मनोंदणी झाली आहे, बापाच्या रकान्यात त्याचे नाव आहे. आता गुन्हा नोंदवा!

खून झाला असे आरोपीच ओरडून सांगतो आहे आणि खून झाला की नाही हेच कोणाला ठरवता येत नाही. आमच्या धंद्यात असा आरोपी मिळत नाही.

ही गोष्ट खरी नाही. फ्रेंच लेखक व्हेर्कोर यांच्या १९५२ सालच्या कादंबरीची ही सुरुवात आहे. कायद्याच्या शेवटच्या वर्षाला असताना फोर्टच्या फुटपाथवर तिचे इंग्रजी भाषांतर वीस रुपयांत मिळाले. मुखपृष्ठ फाटलेले होते. रहस्यकथा समजून घेतले आणि रात्रभर वाचले. त्यानंतर वकिलीच्या इतक्या वर्षांत कितीतरी जाडजूड ग्रंथ हाताखालून गेले, पण या पातळ पुस्तकाने विचारलेला प्रश्न डोक्यातून गेला नाही. चळवळीच्या वाचकांपुढे तो ठेवावा असे फार दिवस मनात होते.

गोष्ट थोडक्यात अशी. न्यू गिनीच्या जंगलात शास्त्रज्ञांची एक तुकडी जीवाश्म शोधायला जाते आणि तिला जिवंत प्राणी भेटतात. ते दोन पायांवर चालतात, अंगावर केस आहेत, हात लांब आहेत. ते दगडाची हत्यारे घडवतात, मेलेल्यांना पुरतात, निरनिराळे आवाज काढून एकमेकांना खुणा करतात. पण त्यांची भाषा म्हणावी तर भाषा नाही. माणूस आणि वानर या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांची मोडतोड करून शास्त्रज्ञ त्यांना नाव देतात ‘ट्रोपी’. सोबत एक पाद्री आहे. त्याची झोप उडते. ट्रोपी माणूस असतील तर बाप्तिस्म्याविना ते मुक्तीला मुकणार. पशू असतील तर त्यांना बाप्तिस्मा देणे हे पाप! बिचारा रात्रंदिवस तळमळतो. त्या लोकांना भूक लागते का, भीती वाटते का, याची तळमळ मात्र त्याला तेवढी नसते.

शास्त्रज्ञ वाद घालत बसले आहेत तोवर ज्याला वादात रस नाही असा माणूस येऊन पोहोचतो. तो भांडवलदार आहे. ज्या कंपनीकडे त्या जमिनीचे हक्क आहेत ती म्हणते की जमिनीवरची झाडेझुडपे आणि जनावरे आमचीच. ट्रोपी कामे शिकतात. त्यांना ऑस्ट्रेलियातल्या लोकरीच्या गिरण्यांत जुंपले तर पगार नाही, संघटना नाही, संप नाही, फक्त खायला घातले की झाले. गुलामगिरी म्हणाल तर कायद्याने गुलामगिरी माणसांची असते. बैलाला औताला जुंपणे ही काही गुलामगिरी नव्हे.

इथे त्या पत्रकाराच्या लक्षात येते की चर्चेने हा प्रश्न सुटणार नाही. कोर्टाला निकाल द्यायलाच भाग पाडले पाहिजे. म्हणून शास्त्रज्ञांच्या संमतीने कृत्रिम गर्भधारणेने एका ट्रोपी स्त्रीच्या पोटी त्याचे मूल जन्माला येते आणि तो ते मारतो. मला फाशी द्या, म्हणजे ट्रोपी माणूस ठरतील. मला सोडा, म्हणजे ते जनावर ठरतील. मधला रस्ता नाही.

पुढे खटला उभा राहतो. एक तज्ज्ञ सांगतो हा माणूसच, दुसरा तितक्याच ठामपणे सांगतो हे वानरच. कोणी हाडे मोजतो, कोणी मेंदू. संकर झाला म्हणजे जात एक, असे म्हणावे तर घोडा आणि गाढव यांचे खेचर आहेच. ज्युरी हतबल होते, कारण साऱ्या इंग्रजी कायद्यात खुनाची व्याख्या आहे, पण ज्याचा खून होतो त्या ‘माणसा’ची व्याख्याच नाही!

वाचकांना हे कादंबरीकाराचे चातुर्य वाटेल. तसे नाही. आपला भारतीय दंड विधान १८६० चा. सदोष मनुष्यवधाचे कलम २९९ आम्ही कॉलेजात घोकून पाठ केले. त्यात मनुष्यवध कधी सदोष आणि कधी नाही हे बारकाईने सांगितले आहे. मनुष्य म्हणजे कोण, हे सांगितलेले नाही. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्यातही ते नाही. ‘व्यक्ती’ची व्याख्या आहे आणि तीत कंपनी बसते. देवळातली मूर्ती कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे, हे तर प्रिव्ही कौन्सिलने १९२५ सालीच मान्य केले. म्हणजे दगडाला कोर्टात उभे राहण्याचा हक्क आहे. माणूस कोण, हे मात्र सर्वांना ठाऊकच आहे असे गृहीत धरले आहे. खरेच सर्वांना ठाऊक होते का?

इंग्लंडचाच इतिहास पाहा. १७८१ साली ‘झाँग’ नावाच्या ब्रिटिश जहाजावरून १३० हून अधिक आफ्रिकी गुलामांना जिवंतपणी समुद्रात फेकले गेले. लंडनच्या कोर्टात १७८३ साली खटला चालला तो खुनाचा नव्हे, विम्याचा! माल बुडाला, भरपाई द्या, असा मालकांचा दावा होता. पहिल्या ज्युरीने मालकांच्या बाजूने कौल दिला. न्यायमूर्ती लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी तर कायद्याच्या दृष्टीने हे घोडे फेकल्यासारखेच आहे अशी तुलना केली. पुढे फेरसुनावणीचा आदेश झाला, पण खुनासाठी कोणावरही खटला भरला गेला नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८५७ साली ड्रेड स्कॉट खटल्यात काळ्या माणसाला नागरिकत्वच नाही असे ठरवले. १९०६ साली काँगोतून आणलेल्या ओटा बेंगा या तरुणाला न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयात माकडांच्या घरात लोकांना दाखवायला ठेवले होते. त्याविरुद्ध काळ्या धर्मगुरूंनी आवाज उठवला तेव्हा तो बाहेर आला. १९१६ साली त्याने आत्महत्या केली.

आणि व्हेर्कोर यांनी गिरण्या ऑस्ट्रेलियातल्याच का घेतल्या? १८६३ ते १९०४ या काळात पॅसिफिक बेटांवरची सुमारे ६२ हजार माणसे क्वीन्सलँडच्या ऊसमळ्यांवर नेली गेली. कित्येकांना फसवून, कित्येकांना पळवून नेले. त्याच देशाच्या राज्यघटनेत कलम १२७ होते. लोकसंख्या मोजताना मूळनिवासींना मोजू नये, असे त्यात लिहिले होते. ते कलम १९६७ च्या सार्वमताने गेले. कादंबरी आली तेव्हा ते जिवंत होते. म्हणजे लेखकाने कल्पनेने फक्त ट्रोपी निर्माण केले. बाकी सारे तयारच होते.

व्हेर्कोर हे लेखकाचे खरे नाव नव्हे. खरे नाव ज्याँ ब्रुलेर, जन्म १९०२, मृत्यू १९९१. मूळचे चित्रकार. वडील हंगेरीतून आलेले ज्यू. जर्मन फौजा पॅरिसमध्ये असताना त्यांनी एका मित्राच्या साथीने भूमिगत प्रकाशनसंस्था काढली, जीव धोक्यात घालून पुस्तके छापली. १९४२ साली त्यांचे पहिले गाजलेले पुस्तक असेच चोरून निघाले. त्याच १९४२ साली नाझींच्या एस.एस. संघटनेने एक पुस्तिका वाटली होती. तिच्या नावाचाच अर्थ होतो ‘खालच्या प्रतीचा माणूस’. शेजाऱ्याला आधी माणसांतून वगळायचे आणि मग मारायचे, ही पद्धत या लेखकाने डोळ्यांनी पाहिली होती. दहा वर्षांनी त्याने ही गोष्ट लिहिली.

आपल्याकडे त्या १९५२ सालाचे आणखी एक महत्त्व आहे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी भटक्या जमातींवरचा जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का कायद्याने पुसला गेला. तो शिक्का इंग्रजांनी १८७१ साली मारला होता. गर्भातले मूल गुन्हेगार, हे मानणारे कायदेपंडितही स्वतःला सुसंस्कृतच म्हणवत होते.

परत खटल्याकडे येऊ. न्यायमूर्ती मोठ्या पेचात सापडतात आणि वाट दाखवते ती त्यांची पत्नी, घरात, सहज बोलताना. तिचे म्हणणे असे की सगळ्या माणसांजवळ काहीतरी ताईत-गंडा असतो. या ट्रोपींजवळ नाही ना? मग ते माणूस नव्हेत. नवऱ्याला आधी हसू येते, मग तो विचारात पडतो. प्रश्न पार्लमेंटकडे जातो. तो का जातो? न्यायाची चाड म्हणून नव्हे! ऑस्ट्रेलियात फुकट मजूर मिळाले तर इंग्लंडच्या गिरण्या बसतील, ही इंग्रज गिरणीमालकांची धास्ती सरकारपर्यंत पोहोचलेली असते. एका भांडवलदाराला ट्रोपी पशू हवे होते, दुसऱ्याला ते माणूस ठरलेले परवडणार होते. लेखकाची ही जागा मला सर्वांत खरी वाटते. हक्क अनेकदा अशाच वाटेने पदरात पडतात आणि नंतर उपकार म्हणून सांगितले जातात.

समिती बसते आणि व्याख्या निघते. पशू निसर्गात मिसळलेला असतो, माणूस निसर्गापासून तुटलेला, त्याला जाब विचारणारा असतो आणि या तुटलेपणाची खूण म्हणजे त्याची धार्मिक वृत्ती. समिती या वृत्तीत विज्ञान, कला, जादूटोणा, सारे घालते. मग ट्रोपींत ती शोधायची. शोधता शोधता सापडते की ट्रोपींना कच्चे मांस आवडते, तरी ते विस्तवावर धुरी देतात. म्हणजे ही अग्निपूजा! एवढ्या धाग्यावर ट्रोपी माणसांत येतात.

इथे मात्र या लेखकाशी माझे भांडण आहे. धुरी दिली नसती तर? तीच दुःखे, तीच पोरेबाळे, मेलेल्याला पुरणारे तेच हात, तरी गिरणीत जुंपायला मोकळे? परीक्षा घेणारा आपल्याकडे असलेल्या वस्तूचीच परीक्षा ठेवतो आणि समोरचा नापास झाला की त्याला दोष देतो. धर्म हीच माणसाची खूण मानली तर ईश्वर, आत्मा, पूजा यांपैकी काहीही न सांगता माणसाला माणसाशी नीट वागायला शिकवणाऱ्या तथागतांना त्या समितीने कोणत्या रकान्यात घातले असते?

तथागतांपुढे हाच प्रश्न अडीच हजार वर्षांपूर्वी आला होता. सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्त वाचावे. वासेट्ठ आणि भारद्वाज हे दोन ब्राह्मण तरुण माणूस ब्राह्मण जन्माने होतो की कर्माने, यावर भांडतात आणि बुद्धांकडे येतात. बुद्ध त्यांना आधी गवत आणि झाडे दाखवतात, मग किडे-मुंग्या, चार पायांची जनावरे, साप, मासे, पक्षी. यांत जन्मानेच वेगवेगळ्या जातींच्या खुणा आहेत, असे सांगतात. मग केसांपासून पायांपर्यंत माणसाचा एकेक अवयव घेतात आणि अशी वेगळी खूण इथे नाही, असे स्पष्ट करतात. शेती करतो तो शेतकरी, व्यापार करतो तो व्यापारी. नावे कामाची आहेत, जन्माची नाहीत. पार्लमेंटची समिती नाही, हाडे मोजणारे तज्ज्ञ नाहीत, नुसते डोळे उघडे ठेवून पाहणे!

हाडे मोजणारे तज्ज्ञ आपल्याकडेही आले होते. इंग्रज अधिकारी रिस्ले यांनी नाकांची मापे घेऊन जाती वंशांत बसवल्या. बाबासाहेबांनी १९४८ सालच्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात अशीच मापे हाती घेतली आणि त्यांच्यातूनच दाखवून दिले की ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे आहेत. अस्पृश्यतेचे मूळ रक्तात नाही, ते दुसरीकडे शोधा. विरोधकाच्याच साक्षीदाराची उलटतपासणी घेऊन त्याच्या तोंडून आपली बाजू वदवून घेणे ज्याला साधते तो खरा बॅरिस्टर. त्याआधी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिताना जोतीरावांनी पुराणांतले दैत्य आणि राक्षस म्हणजे या भूमीचे मूळ रहिवासी, असा अर्थ लावला होता. ज्याची जमीन घ्यायची त्याला शिंगे आणि सुळे लावायचे, ही युक्ती त्यांनी पकडली होती. त्यांनी ते पुस्तक अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केले, हेही ध्यानात घ्यावे.

तरीही ट्रोपींची गोष्ट आमच्या गोष्टीसारखी आहे असे मी म्हणणार नाही. एक मोठा फरक आहे. ट्रोपी पशू ठरले असते तर त्यांचा घात होता. २० मार्च १९२७ रोजी महाडला काय स्थिती होती? चवदार तळ्यावर जनावरे पाणी पीत होती. त्यांना कोणी अडवत नव्हते. आमचे वाडवडील पशू ठरले असते तर त्यांना निदान पाणी मिळाले असते! ते माणूस आहेत हे अडवणाऱ्याला पक्के ठाऊक होते, म्हणूनच तो अडवत होता. बाबासाहेबांनी आणि हजारो माणसांनी ओंजळभर पाणी घेतले, त्यानंतर तळ्यात शेण, गोमूत्र टाकून ते ‘शुद्ध’ केले गेले. पुढे दावा चालला आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १७ मार्च १९३७ उजाडले. ओंजळभर पाण्याला दहा वर्षे! इथे शास्त्रज्ञांत मतभेद नव्हते, व्याख्येची अडचण नव्हती. अज्ञानामुळे झालेला अन्याय व्याख्येने दूर होईल, पण समजून-उमजून केलेल्याला व्याख्या काय करणार? व्हेर्कोर यांच्या कादंबरीत हा दुसरा प्रकार येत नाही.

घटना लिहिताना बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी व्याख्येच्या फंदात पडले नाहीत. कलम १४ आणि २१ मध्ये ‘व्यक्ती’ एवढाच शब्द आहे. नागरिक असो वा परका, आस्तिक असो वा नास्तिक. कलम २३ ने वेठबिगारी बंद केली. तिथे कोणाला धुरी दिलेले मांस दाखवावे लागत नाही.

कागदावर लागत नाही. कोर्टात लागते. काही वर्षांपूर्वी ॲट्रॉसिटीच्या एका केसमध्ये मी फिर्यादी बाईंच्या वतीने हजर होतो. हातपंपावर भांडण, जातीवरून शिवीगाळ, मारहाण. साक्षीच्या दिवशी बचाव पक्षाने हरकत घेतली की फिर्यादी अनुसूचित जातीची असल्याचे मूळ प्रमाणपत्र रेकॉर्डवर नाही. आमच्याकडे झेरॉक्स होती. बाई बौद्ध, दाखल्यावर तसे लिहिलेले, त्यावरून आणखी प्रश्न. धर्मांतर १९५६ चे आणि बौद्धांना अनुसूचित जातींच्या यादीत जागा मिळाली १९९० साली. तो ३४ वर्षांचा गोंधळ आजही फायलींतून डोके वर काढतो. दिवस त्यातच गेला. कायद्याने हे सिद्ध करावेच लागते, हरकत चुकीची नव्हती. पण बाहेर पायरीवर बसून त्या माऊलीने मला विचारले, “साहेब, पंपावर अडवताना तर त्यानं माझा दाखला मागितला नव्हता. त्याला माझी जात कुठून कळली?” मी तिला पुढची तारीख सांगितली. दुसरे काय सांगणार?

ट्रोपींच्या खटल्याचा शेवट राहिला. ते माणूस ठरतात आणि दुसऱ्या ज्युरीपुढे आरोपी निर्दोष सुटतो! कारण त्याने मूल मारले तेव्हा कायद्याने ते माणूस ठरलेले नव्हते आणि कायदा मागे जाऊन गुन्हा निर्माण करू शकत नाही. आपल्या घटनेच्या कलम २०(१) मध्ये हेच तत्त्व आहे. वकील म्हणून मला निकालात चूक काढता येत नाही. ते तत्त्व नसेल तर कोणतेही सरकार कोणालाही कालच्या कृत्यासाठी उद्या आत टाकेल.

पण पुस्तक मिटले की मला त्या पत्रकाराची आठवण येत नाही, न्यायमूर्तींचीही नाही. त्या ट्रोपी स्त्रीची येते. तिच्या पोटी मूल वाढवायचे हे दुसऱ्यांनी ठरवले. ते मारायचे हेही दुसऱ्यांनी ठरवले, तिच्या जातीच्या भल्यासाठी! हाडांचे तज्ज्ञ साक्षीला आले, मेंदूचे आले. खटला जिच्या मुलाचा, तिला भाषा नाही म्हणून तिची साक्ष नाही. परवा माझ्या ज्युनिअर मुलीला ते पुस्तक वाचायला दिले. तिने दोन दिवसांत परत आणून दिले आणि पहिल्याच वाक्यात विचारले, “सर, यात आईला नोटीस कुठे काढलीय?”